नियमावली, परीक्षकाच्या संरक्षणार्थ

४ डिसेंबर

हे कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. मला भीती वाटत नाही.

आज ‘हौशी गेम-निर्मिती स्पर्धे’चा मुख्य परीक्षक म्हणून माझी निवड झाली. संयोजक गहिनीनाथ सर घरी आले होते. ते कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. जिल्ह्यातल्या हौशी पोरापोरींनी घरी बसून गेम तयार करायचे, परीक्षकाने ते खेळून गुण द्यायचे. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या एका गेम कंपनीत तीन महिने प्रशिक्षण. नियमही मीच करायचे.

मी म्हटलं, मी साधा वार्ताहर, शिकलो संस्कृत पाठशाळेत, मला यातलं काही कळत नाही. सर म्हणाले, म्हणूनच तर आलो. ज्यांना कळतं त्यांच्यावर पोरांचा विश्वास नाही.

माझ्या अज्ञानाचा इतका गौरव आजवर झाला नव्हता. होकार दिला.

आमची ही, म्हणजे जया, आतून म्हणाली, अहो, लुडोत सहा पडले तरी तुम्ही सोंगटी घराबाहेर काढत नाही, कोणी मारेल म्हणून. तुम्ही कसले परीक्षक?

याला सावधपणा म्हणतात. परीक्षकाला तोच लागतो.

५ डिसेंबर, पहाटे

झोप नाही. कारण पित्त.

गेल्या वर्षी श्रीरामपूरकडच्या एका भजन स्पर्धेत निकालानंतर परीक्षकाला हरलेल्या मंडळांनी घेरलं होतं. सगळ्यांचा एकच प्रश्न, कोणत्या निकषावर? तो बिचारा ‘सूर, ताल, भाव’ म्हणाला, तर कोणीतरी त्याच्या स्कूटरची हवा सोडली. मी त्या दिवशी तिथेच होतो. तंबूच्या मागून सगळं पाहिलं आणि बातमीत ‘किरकोळ वादावादी’ असं लिहिलं.

हे आठवायचं काही कारण नाही. सहज आठवलं.

संकल्प: नियमावली अशी करायची की परीक्षकाला तोंडच उघडावं लागू नये. कोणी विचारलं तर कलम दाखवायचं. मी नाही बोललो, नियम बोलला.

५ डिसेंबर, संध्याकाळी

मसुदा तयार. वीस वर्षं वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण केलं, त्याच पायावर उभा केला आहे. प्रत्येक गेमला सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सातव्याला अंतिम. विषयांतरास गुणकपात.

गहिनीनाथ सरांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, सर, घंटा कोणासाठी? खेळणार तर तुम्हीच.

मी म्हटलं, नियम सर्वांना सारखा. परीक्षकालासुद्धा.

८ डिसेंबर

काष्टीला गेलो. स्पर्धेचे प्रायोजक काकासाहेब तिथलेच. ट्रॅक्टरची एजन्सी आहे, मंगल कार्यालय आहे, तरुणपणी नावाजलेले पैलवान. बक्षीस समारंभ त्यांच्याच कार्यालयात व्हायचा आहे.

त्यांनी मसुदा हातात घेतला, न वाचता खाली ठेवला आणि म्हणाले, शास्त्रीबुवा, वजनी गट टाका. पन्नास किलोच्या पोराला नव्वदच्या पैलवानासंगं धरत न्हाईत. मी म्हटलं, गेमला वजन नसतं. तर गहिनीनाथ सर, जे इतका वेळ चहाच्या कपात बघत होते, म्हणाले, एमबी असतात. काकासाहेब खूश. मग घाला काट्यावर, म्हणाले.

म्हणून कलम वाढलं: लहान गट, मध्यम गट, खुला गट. पहिला क्रमांक मात्र सगळ्यांत मिळून एकच.

निघताना काकासाहेब म्हणाले, आमचं हर्षल बी उतरलंय स्पर्धेत. मला नूरा कुस्ती चालत न्हाई, आधीच ठरवलेली. निकाल चोख लागला पायजे. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खांदा अजून खाली आहे.

‘चोख’चा अर्थ न कळायला मी काही मूर्ख नाही. बापाचं काळीज. जयाने खांद्याला हळद-तेल लावलं आणि म्हणाली, सरळ माणूस दिसतो, जे म्हणाला तेच म्हणायचं असेल त्याला. स्त्रियांना राजकारण कळत नाही.

१० डिसेंबर

नवीन संकट.

आमच्या पेपरचा फोटोग्राफर अजीज. गेली पंधरा-सोळा वर्षं मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जिल्हा फिरतोय. आज सुप्याहून येताना आम्ही उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो होतो, तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, मुबश्शिरानं बी नाव दिलंय तुमच्या स्पर्धेत. मुबश्शिरा त्याची मुलगी. बीएस्सीला आहे.

पुढे म्हणाला, आमची अम्मी म्हनते, पहिली आली तर जाऊ द्या पुण्याला, न्हाई तर स्थळं बघा. तिची आई मलिका काही बोलत न्हाई. मी बी न्हाई बोलत. मग ट्रॉली बाजूला झाली आणि त्याने गाडी काढली. एवढंच. शब्द टाकला नाही, सूचक खोकलासुद्धा नाही.

हेच भयंकर आहे. अजीजची मुलगी जिंकली तर सगळा जिल्हा म्हणेल, काय शास्त्रीबुवा, रोज फुकट मागे बसता ना!

आजपासून आमच्या दोघांच्या मध्ये कॅमेऱ्याची पिशवी ठेवून बसतो. निःपक्षपातीपणा लांबूनही दिसायला हवा.

११ डिसेंबर

मलिकाने घरच्या झाडाचे पेरू पाठवले. दर वर्षी पाठवते. या वर्षी परत करायला निघालो. जयाने दारातच पिशवी हिसकावून घेतली. म्हणाली, परीक्षक तुम्ही, पेरू माझे.

एकही खाल्ला नाही. अर्धाच खाल्ला.

१४ डिसेंबर

तोडगा सापडला. गोपनीयता! गेमवर नाव नाही, फक्त क्रमांक. नावांचं पाकीट गहिनीनाथ सरांच्या कपाटात. आता मला कोणी काही म्हणू शकत नाही.

दुपारी जेवताना लक्षात आलं. हर्षलचा गेम कोणता हेच कळलं नाही, तर त्याच्याशी निःपक्षपातीपणे वागायचं कसं? अंधारात पाय कोणाच्या शेपटीवर पडेल, सांगता येतं का?

१६ डिसेंबर

सकाळी संध्या करताना मार्ग दिसला. गुण द्यायचेच नाहीत. कापायचे.

प्रत्येक गेमला आरंभी शंभर. दोष दिसला की कलम बघून कपात. गुण का दिले याचं उत्तर देता येत नाही, का कापले याचं देता येतं. आमच्याकडे वेदान्ती ब्रह्माचं वर्णनसुद्धा ते काय नाही एवढंच सांगून करतात. ही पद्धत भारतीय आहे, प्राचीन आहे आणि सुरक्षित आहे.

गहिनीनाथ सर म्हणाले, पण सर, एखादा गेम नुसताच खूप चांगला असला तर? मी म्हटलं, चांगलेपणा म्हणजे दोषांचा अभाव. ते माझ्याकडे, आमचे गुरुजी शब्दरूपं चुकलेल्या मुलाकडे बघायचे, तसे बघत राहिले. माणूस भला आहे. शास्त्र नाही.

नियमावली सर्व स्पर्धकांना पाठवली. एकाचीही हरकत आली नाही. इतकी निर्दोष आहे. (गहिनीनाथ सरांच्या मते कोणी उघडलीच नाही.)

२२ डिसेंबर

परीक्षण सुरू. सरांनी लॅपटॉप आणून दिला. देवापुढे ठेवून, कुंकू लावून सुरुवात केली.

क्रमांक एक: ट्रॅक्टरची शर्यत. ट्रॅक्टर म्हणजे काकासाहेब, म्हणजे हर्षल. सात मिनिटांत संपला नाही, म्हणून एक गुण कापला. पाणी पिऊन आलो. अर्धाच कापला.

क्रमांक दोन: पहिल्याच क्षणी अंगावर गोळीबार. लॅपटॉप मिटला. भीतीने नाही, डोळ्यांच्या आरोग्यासाठी. पंधरा गुण कमी.

क्रमांक तीन: तालमीचा गेम. ‘कोणतेही बटन दाबा’ असं लिहून आलं. कोणतं दाबायचं ते ठरेना, तोवर अंतिम घंटा झाली. संदिग्ध सूचना, दहा.

२३ डिसेंबर

क्रमांक चार. आठवडे बाजाराचा. आपण एक शेळी असतो. दिवस मावळायच्या आत दावं सोडवून, गिऱ्हाइकांच्या पायांतून, भाजीच्या पालांखालून बाजाराबाहेर पडायचं. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून आपला भाव करत असतात आणि दात बघायला येतात. मी सात मिनिटांत पाच वेळा पकडला गेलो. दर वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येई: ‘तुमची विक्री झाली.’

हे परीक्षकाला उद्देशून आहे. अवमान, दहा गुण कमी.

मग बाजाराच्या कडेला एक फोटोग्राफर दिसला. उजवा आरसा फुटलेली मोटारसायकल. तो आरसा मी रोज बघतो. म्हणजे हा मुबश्शिराचा. ओळख उघड केली, आणखी दहा.

जया मागे येऊन उभी होती. सरका जरा, म्हणाली. आणि खेळायला बसली. सात मिनिटं झाली, घंटा वाजवली, तरी उठेना. शेळीला हळूहळू भाजीवाल्या बाईच्या टोपलीआड नेत होती आणि दबक्या आवाजात, चल गं माझी बाय, आता नको, तो बघतोय, असं म्हणत होती. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. शेळी बाहेर पडली तेव्हा जयाने टाळ्या वाजवल्या आणि पदराने डोळे पुसले.

परीक्षकाच्या घरगुती नुकसानीबद्दल पाच. वेळ ओलांडली, दोन. एमबी जास्त भरल्यामुळे खुल्या गटात ढकलला.

जया म्हणाली, हा पहिला आला पाहिजे. मी म्हटलं, नेमकी हीच भीती आहे. म्हणजे, हेच टाळायला हवं. म्हणजे, भावना वेगळी आणि निकष वेगळा.

ती भांडी आपटत होती. मी आणखी तीन गुण कापले. आता माझ्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करून दाखवावाच.

२४ डिसेंबर

क्रमांक पाच, सहा: किरकोळ. क्रमांक सात: काळा पडदा. बटनं दाबली, बंद करून चालू केला, हात जोडले. काळाच.

बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत वाटलं. गोळी नाही, घाई नाही, कोणी विकत नाही.

नियमावली काढली. वेळ ओलांडली का? नाही. विषयांतर? नाही. अवमान, संदिग्ध सूचना, ओळख? काहीच नाही. वजन नगण्य.

शंभर.

२७ डिसेंबर

सरांच्या घरी बेरीज. सात पहिला, एक दुसरा. चार सर्वांत शेवटी.

गहिनीनाथ सर खुर्चीतून उठले. सर, तो उघडत नाही हो! मी विचारलं, गेम उघडलाच पाहिजे असं कोणत्या कलमात आहे? त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. नव्हतं. म्हणाले, आता घालू. मी म्हटलं, निकालानंतर नियम बदलायचा? याला न्याय म्हणतात का? माझा आवाज इतका ठाम निघाला की मलाच शंका आली.

मग पाकीट फोडलं. ट्रॅक्टरवाला निघाला सुप्याच्या कारखान्यात काम करणारा बजरंग नावाचा तरुण.

सात म्हणजे हर्षल.

मी देवाचं नाव घेतलं. याला म्हणतात नियम! मी काही केलं नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून चाललो आणि पाऊल बरोबर सुरक्षित जागी पडलं. काकासाहेब खूश, जिल्हा निरुत्तर, खांदा शाबूत.

चार मुबश्शिरा. ते माहीतच होतं.

येताना अजीजने टपरीवर चहा पाजला. काही विचारलं नाही. चहा कडू होता. साखर कमी टाकली असावी.

२ जानेवारी

काष्टी. मंगल कार्यालय. लिहायला बसलो खरा, पण डोक्यावरून रजई घेऊन. थंडी.

मला शाल दिली, नारळ दिला, मी निकाल वाचला. प्रथम क्रमांक, हर्षल. टाळ्या पडल्या. हर्षल उठेना. मित्रांनी ढकललं तेव्हा स्टेजवर आला, मान खाली. काकासाहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले, दाव रं, काय बनवलंयस ते. लोकांना बी बघू दे.

मोठ्या पडद्यावर गेम लावला. काळा पडदा. लोक वाट बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, लाईट गेली वाटतं. पंखे चालू होते.

मग हर्षल हळू आवाजात म्हणाला, आप्पा, मी काहीच बनवलं न्हाई. तुमी नाव द्यायला लावलं म्हणून रिकामी फाईल पाठवली. वाटलं, शेवटी येईन आणि विषय मिटंल.

काकासाहेब माझ्याकडे वळले. संपूर्ण कार्यालय माझ्याकडे वळलं. आणि ते म्हणाले, शास्त्रीबुवा, कोणत्या निकषावर?

मी नियमावली पुढे केली. कागदाचा आवाज माईकमधून सगळ्यांना ऐकू गेला. मी म्हटलं, याच्याकडून एकही चूक झालेली नाही.

ते म्हणाले, चूक कशी होईल? जो मातीत उतरलाच न्हाई त्याची पाठ कशी लागंल? त्याला गदा देता व्हय? आणि मग माईक खाली धरून, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाले, मी चोख म्हणलो हुतो. तुमाला माझी भीती वाटली, व्हय ना? पोराच्या देखत मला नूरा लावणारा केलात.

चिडले असते तर बरं झालं असतं. ते ओशाळले होते.

पुढे सगळं त्यांच्या हातात गेलं. म्हणाले, आता उघड्या मैदानात. सगळे गेम पडद्यावर लावा, पंचाची गरज न्हाई, पब्लिक बघंल. पोरांनी एकेक लावला. बजरंगच्या ट्रॅक्टरला शिट्ट्या पडल्या. मग शेळी आली. बाजारात रोज शेळ्यांचा सौदा करणारे आसाराम नावाचे गृहस्थ पहिल्या रांगेत होते. त्यांच्या हातात कळफलक दिला, तर ते तीनदा विकले गेले आणि त्यांनाच राग आला. मागून हाका आल्या, आरं, दावं आधी सोड! डाव्या पालाखालनं काढ! त्या हिरव्या फेट्यापासनं लांब, त्यो लबाड हाय! अख्खं कार्यालय उभं राहून ओरडत होतं. माझी बायको स्टेजसमोर उभी राहून, आता नको, आता नको, असं सांगत होती. शेळी सुटली तेव्हा पायांखालची फरशी हलली.

काकासाहेबांनी मुबश्शिराला स्टेजवर बोलावलं आणि माझ्या मांडीवरचा नारळ उचलून तिच्या हातात दिला. म्हणाले, पोरी, जा पुण्याला. अजीज फोटो काढायचा विसरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी शाल घेऊन खुर्चीत बसून होतो. स्कूटरची हवा कोणी सोडली नाही. माझ्याकडे स्कूटर नाही.

३ जानेवारी

शांतपणे विचार करता, नियमावली यशस्वी ठरली. ती नसती तर वाद झाला नसता, वाद झाला नसता तर गेम लोकांसमोर आले नसते. न्याय मिळाला, माध्यम मी. बातमीत ‘चुरशीच्या परीक्षणानंतर’ असं लिहिलं. संपादकांनी ते वाक्य काढलं. जागेअभावी.

जयाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो ना, आणि पाऊस छत्रीमुळे पडतो.

७ जानेवारी

गहिनीनाथ सरांनी गुणपत्रक ग्रुपवर टाकलं. पारदर्शकता म्हणे. आधी विचारायला हवं होतं.

अजीज गाडी चालवताना म्हणाला, मुबश्शिरा विचारत हुती, बाकीचं समजलं, पण दूध उतू गेल्याचे पाच मार्क म्हणजे काय? मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. फुटक्या आरशात मी तीन ठिकाणी दिसत होतो, तिन्ही ठिकाणी खाली बघताना.

मग म्हणाला, मी तिला नाव देऊ नको म्हणलो हुतो. शास्त्रीजी परीक्षक हायेत, घाबरतील आणि तुलाच कापतील. ती म्हनली, अब्बा, किती कापतील? मग कापून बी उरंल असा करते.

पिशवी मध्ये नव्हती, तरी मी लांबच बसलो होतो.

१३ जानेवारी

मुबश्शिरा आज पुण्याला गेली. निरोप द्यायचा, आशीर्वाद द्यायचा, चुकलं माझं असंही म्हणायचं, असा निश्चय करून सकाळीच स्टँडवर गेलो. प्रस्थानाचा चांगला श्लोक पाठ करून ठेवला होता.

फलाटावर ती, मलिका, अजीज आणि त्याची म्हातारी अम्मी, जी सगळ्यांत मोठ्याने रडत होती आणि सगळ्यांत मोठा डबा घेऊन आली होती. मी दहा पावलांवर होतो. तेवढ्यात विचार आला, परीक्षकाने विजेत्याला असं उघड भेटणं बरं दिसेल का? लोक काय म्हणतील? म्हणून एका खांबामागे थांबलो. योग्य वेळी पुढे जाणार होतो. सामान चढलं. ती चढली. आता योग्य वेळ, असं म्हणून तिथूनच मनातल्या मनात श्लोक सुरू केला. संपला तेव्हा गाडी वळणापाशी पोचली होती.

अजीज सरळ खांबापाशी आला. म्हणाला, शास्त्रीजी, गेली गाडी. निघा आता बाहेर.

मी म्हटलं, आत्ताच आलो.

तो म्हणाला, ती खिडकीतनं हात करत हुती तुमाला. लई वेळ. तुमी डोळे मिटले हुते.

श्लोक डोळे मिटूनच म्हणायचा असतो, असं त्याला सांगणार होतो. तोवर तो मोटारसायकल काढायला गेला होता.